गाडी लावायची कुठे? लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनची शंभर वर्षे

लॉस एंजेलिसचा पसारा मोटारी येण्याआधीच ट्रामने मांडून ठेवला होता. १८७४ मध्ये तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १८८० च्या दशकात केबलवर ओढली जाणारी आणि पाठोपाठ विजेची ट्राम आली. १८८० मध्ये जेमतेम अकरा हजार वस्तीचे हे गाव १९०० पर्यंत एक लाखावर आणि १९२० पर्यंत पावणेसहा लाखांवर गेले. या वाढीचा सूत्रधार हेन्री हंटिंग्टन. त्याने १८९८ मध्ये शहरातली ‘लॉस एंजेलिस रेल्वे’ विकत घेतली आणि १९०१ मध्ये दूरच्या गावांना जोडणारी ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ काढली. पहिलीच्या गाड्या पिवळ्या, दुसरीच्या लाल. भरभराटीच्या काळात लाल गाड्यांचे रूळ हजार मैलांच्या वर होते.

ट्राम चालवणे हा हंटिंग्टनचा खरा धंदा नव्हताच. पडीक जमीन स्वस्तात घ्यायची, तिथवर रूळ टाकायचे आणि मग तिचे प्लॉट पाडून विकायचे, हा त्याचा धंदा. ट्राम तोट्यात गेली तरी जमिनीत ते पैसे दामदुपटीने वसूल होत. प्लॉट विकून संपले की मात्र त्या मार्गावर नवे डबे किंवा जादा फेऱ्या देण्याचे काही कारण उरत नसे. १९११ च्या सुमारास त्याने लाल गाड्या ‘सदर्न पॅसिफिक’ रेल्वेच्या गळ्यात घातल्या आणि पिवळ्या स्वतःकडे ठेवल्या. शहराच्या पदरी पडली ती मैलोन्‌मैल विखुरलेली बैठी वस्ती आणि तिला मध्यभागाशी जोडणारी, पण दुरुस्तीला पैसा नसलेली ट्राम. पुढे मोटारीला ही विरळ वस्ती आयतीच मिळाली.

सगळे रूळ येऊन मिळत ते डाउनटाउनमध्ये. ब्रॉडवेवर दुकाने आणि नाट्यगृहे, स्प्रिंग स्ट्रीटवर बँका, हिल आणि मेन स्ट्रीटवर स्थानके. पश्चिमेला बंकर हिलची टेकडी आडवी, पूर्वेला कारखाने आणि नदी. त्यामुळे व्यापारी भाग चार-सहा अरुंद रस्त्यांतच कोंबला गेला. इमारतींना साधारण १५० फूट उंचीची मर्यादा होती, म्हणजे बारा-तेरा मजले. १९२८ मध्ये उभा राहिलेला सिटी हॉल हा ठळक अपवाद, आणि ही मर्यादा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. अशा रस्त्यांवरून पिवळ्या गाड्या, लाल गाड्या, मालवाहू घोडागाड्या आणि १९१० नंतर झपाट्याने वाढणाऱ्या मोटारी एकमेकींच्या अंगावर येत. १९१४ मध्ये त्यात ‘जिटनी’ची भर पडली. आपल्याकडच्या वडापसारखा हा प्रकार: ट्रामच्या थांब्यावर ट्रामच्या पुढे गाडी घालायची आणि तेवढ्याच पाच सेंटांत प्रवासी पळवायचे. ट्राम कंपन्यांनी ओरड केली आणि काही वर्षांत जिटनीला डाउनटाउनमधून बाहेर काढण्यात आले. पण मोटारीच्या वेगाची लोकांना लागलेली चटक काही गेली नाही.

खरा तंटा उभा राहिला तो रस्त्याकडेला गाडी लावण्यावरून. मोटार धावते तेव्हा जेवढी जागा अडवते तेवढीच, पण कितीतरी जास्त वेळ, ती उभी असताना अडवते. सकाळी कचेरीत आलेला माणूस रस्त्याकडेला गाडी लावून संध्याकाळपर्यंत निघून जाई. मग उरलेल्या एका पट्ट्यात मोटारी रुळांवर चढत आणि त्यांच्या मागे ट्रामची रांग लागे. एप्रिल १९२० मध्ये सिटी कौन्सिलने जालीम उपाय केला. सकाळी ११ ते संध्याकाळी सव्वासहापर्यंत डाउनटाउनमध्ये रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी. १० एप्रिलला ती लागू झाली आणि ट्राम खरोखरच वेळेवर धावू लागल्या. वाहतुकीच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता.

दुकानदारांच्या दृष्टीने मात्र तो आपत्ती होता. गल्ला घसरल्याची तक्रार पहिल्या काही दिवसांतच सुरू झाली. ट्रामने येणारे गिऱ्हाईक संख्येने मोठे होते, पण महागडी खरेदी करणारे गिऱ्हाईक मोटारीतून येत होते, आणि ते आलेच नाही. मूकपटांतली नामांकित अभिनेत्री क्लारा किंबल यंग हिच्या पुढाकाराने मोटारींची निषेध मिरवणूक निघाली. मिरवणूक मोटारींची, म्हणजे त्या दिवशीही रस्ता तुंबलाच. महिना उलटायच्या आत कौन्सिलने माघार घेतली. पूर्ण बंदी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती राहिली आणि दिवसा ४५ मिनिटांपर्यंत गाडी लावण्याची मुभा मिळाली.

पुढच्या शंभर वर्षांतला जवळजवळ प्रत्येक वाद या प्रसंगाच्या साच्यातला आहे. दोन्ही बाजू डाउनटाउन वाचवायला निघालेल्या. एकीचे म्हणणे, मोटारींनी गुदमरून ते मरेल; दुसरीचे म्हणणे, मोटारी अडवल्या तर उपाशी मरेल. शहराने बहुतेक वेळा दुसरीचे ऐकले.

१९२० च्या दशकात निवड करण्याची संधी मात्र होती. १९२४ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे), हार्लंड बार्थोलोम्यू आणि चार्ल्स चेनी या नगररचनाकारांनी मुख्य रस्त्यांचा आराखडा दिला: रस्ते रुंद करा, तुटक रस्ते जोडा. मतदारांनी तो उचलून धरला आणि पन्नास लाख डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या ‘केल्कर, डी ल्यू’ कंपनीने भुयारी आणि उन्नत रेल्वेचा सविस्तर आराखडा मांडला. खर्च तेरा कोटी डॉलरच्या वर. तो कागदावरच राहिला. कारणे समजण्यासारखी होती. लाल गाड्यांच्या कंपनीवर लोकांचा राग होता. तिच्या फायद्यासाठी आपण कर का भरायचा, असे ते विचारत. शिवाय बाहेरच्या वस्त्यांतल्या व्यापाऱ्यांना डाउनटाउन मोठे करण्यात काडीचाही रस नव्हता. त्यांना आपापला नाका मोठा करायचा होता.

उन्नत रेल्वेचा निकाल १९२६ च्या मतदानात लागला. प्रश्न वरकरणी वेगळाच होता: सर्व रेल्वे कंपन्यांसाठी जुन्या प्लाझाजवळ एकच मोठे स्थानक बांधायचे, की कंपन्यांनी सुचवल्याप्रमाणे उन्नत मार्ग बांधून आपापली स्थानके ठेवायची? ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उन्नत मार्गाविरुद्ध मोहीमच उघडली. शिकागोसारखे काळेकुट्ट लोखंडी सांगाडे, खाली अंधार, वर खडखडाट, असे चित्र रंगवले गेले. मतदारांनी एकत्र स्थानक निवडले आणि उन्नत मार्ग नाकारला. ते युनियन स्टेशन १९३९ मध्ये उघडले, तेही जुना चायनाटाउन जमीनदोस्त करून. तोवर रेल्वेची सद्दी उतरणीला लागली होती. दशकाची एकच भुयारी कमाई म्हणजे पॅसिफिक इलेक्ट्रिकचा हिल स्ट्रीटवरच्या स्थानकातून निघणारा सुमारे मैलभराचा बोगदा. तो १९२५ मध्ये सुरू झाला आणि १९५५ मध्ये बंद पडला.

दुकानांनी कुणाच्या आराखड्याची वाट पाहिली नाही. ए. डब्ल्यू. रॉस नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने विलशायर बुलेव्हार्डच्या कडेची शेतजमीन घेऊन तिथे मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजारपेठ वसवायला घेतली. तीच पुढे ‘मिरॅकल माइल’ म्हणून ओळखली गेली. याच रस्त्यावर, डाउनटाउनपासून दोन-तीन मैलांवर, सप्टेंबर १९२९ मध्ये ‘बुलक्स विलशायर’ हे आलिशान दुकान उघडले. जॉन आणि डोनाल्ड पार्किन्सन या बापलेकांनी त्याची इमारत रचली. सिटी हॉल आणि युनियन स्टेशनच्या उभारणीतही जॉन पार्किन्सनचा हात होता. या इमारतीत एक गोष्ट उलटी होती. रस्त्याकडची काचेची दालने पादचाऱ्यापेक्षा मोटारीतून सरकत जाणाऱ्या नजरेसाठी सजवलेली, आणि खरे प्रवेशद्वार मागच्या बाजूला, पार्किंगच्या पटांगणात. तिथल्या छताखाली गाडी थांबे, नोकर ती लावायला नेई आणि गिऱ्हाईक दुकानात शिरे. त्या छतावर हर्मन सॅक्स या चित्रकाराने वाहतुकीच्या साधनांचे भव्य चित्र रंगवले होते. दुकानाची पाठ पुढे आणि तोंड मागे असा हा बदल पुढे जगभरच्या मॉलांनी उचलला.

डाउनटाउनने या स्पर्धेला जे उत्तर दिले त्यानेच त्याचा घात केला. महामंदीत कचेऱ्या रिकाम्या पडल्या. इमारत उभी ठेवली तर मालमत्ता कर, दुरुस्ती, पहारेकरी. पाडून टाकली आणि जमीन सपाट केली तर कर घटतो आणि गाड्या लावायला देऊन रोजची रोख मिळते. मालकांनी हिशेब केला आणि इमारती पाडल्या. पटांगणाची जागा कमी पडे, म्हणून शेजारची इमारतही जाई. ब्रॉडवेला लागून एकेकाळी दुकानांची सलग ओळ होती, तिला आता बोळक्या तोंडासारख्या फटी पडू लागल्या. चालत जाणारा अशा फटीपाशी पोचला की मागे वळतो. पुढे काही पाहण्यासारखे नसते. पार्किंग वाढले आणि जिथे जायचे ती ठिकाणे कमी झाली. शहरातल्या जुन्या चौकाचीही सुटका झाली नाही. १९५०-५२ मध्ये पर्शिंग स्क्वेअरची झाडी उपटून खाली अठराशेच्या आसपास मोटारींचे तळघर खणण्यात आले. वरच्या बागेत मातीचा थर पातळ राहिला आणि भोवती तळघरात उतरणारे रस्ते आले, त्यामुळे चौकात शिरणेच अवघड झाले.

याच काळात अमेरिकेतल्या शहरांनी एक नियम बांधकाम नियमावलीत घुसवला, ज्याकडे त्या वेळी फारसे कुणाचे लक्ष गेले नाही: नवी इमारत बांधायची तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात किमान इतक्या गाड्यांची जागा मालकाने द्यायची. ओहायोतल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये सदनिकांसाठी हा नियम केला होता. लॉस एंजेलिसने तो पुढच्या दशकांत घरांपासून दुकाने-कचेऱ्यांपर्यंत पसरवला. हेतू साधा होता, रस्ता मोकळा राहावा. परिणाम असा की गाडी नसलेल्या भाडेकरूच्या भाड्यातही गाडीच्या जागेचा खर्च मिसळला गेला, आणि छोट्या भूखंडावर इमारत बांधणेच अशक्य झाले. २०१५ मध्ये मिखाइल चेस्टर आणि सहकाऱ्यांनी मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा २०१० साली लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी ८६ लाख पार्किंगच्या जागा निघाल्या: दर मोटारीमागे तीनहून अधिक, आणि काउंटीतल्या शहरांच्या सुमारे १४ टक्के जमिनीवर.

ट्रामच्या अंताविषयी एक कहाणी मात्र जगभर पोचली आहे: जनरल मोटर्स, टायरवाले आणि तेलवाले यांनी कट करून ट्राम मारली. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटाने ती घरोघर नेली. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ‘नॅशनल सिटी लाइन्स’ या कंपनीत जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया यांचा पैसा होता आणि १९४५ मध्ये तिच्या शाखेने पिवळ्या गाड्या विकत घेतल्या. १९४९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात या कंपन्या दोषी ठरल्या, पण आरोप बस आणि सुट्या मालाच्या विक्रीत मक्तेदारी केल्याचा होता. शिक्षा कंपनीमागे पाच हजार डॉलर आणि अधिकाऱ्यांना एकेक डॉलर दंड! लाल गाड्यांशी या कंपनीचा संबंध नव्हता, आणि लाल गाड्यांची जागा त्याआधीपासूनच बस घेत होती. लाँग बीचला जाणारी शेवटची लाल गाडी एप्रिल १९६१ मध्ये सुटली. तोवर ती सरकारी संस्थेच्या ताब्यात गेली होती. शेवटची पिवळी गाडी मार्च १९६३ मध्ये थांबली. कटाच्या कहाणीत खलनायक ठरावीक असतात, म्हणून ती सोयीची. त्यात १९२० चे दुकानदार, १९२५ चे करदाते आणि इमारती पाडणारे मालक यांना जागा नसते.

मधल्या काळात फ्रीवे आले. ३० डिसेंबर १९४० रोजी पॅसाडेनाकडे जाणारा अरोयो सेको पार्कवे खुला झाला. डाउनटाउनच्या उत्तर कडेचा चार मजली इंटरचेंज १९५३ मध्ये पूर्ण वापरात आला आणि पुढच्या दोन दशकांत शहरभागाभोवती फ्रीवेचे कडे पडले. डाउनटाउनचे व्यापारी फ्रीवेच्या बाजूने होते. उपनगरांतून गिऱ्हाईक सरळ दारात येईल, असा त्यांचा होरा. ज्या रस्त्याने गिऱ्हाईक येते त्याच रस्त्याने ते दुसरीकडेही जाते, हे १९५० च्या दशकात उपनगरी शॉपिंग सेंटरे निघाल्यावर कळले.

मग पाळी आली बंकर हिलची. टेकडीवर व्हिक्टोरियन काळातले लाकडी बंगले होते; त्यांच्या खोल्या पाडून पेन्शनर, मजूर, एकटे-दुकटे लोक भाड्याने राहत. टेकडीवरून खाली बाजारात न्यायला १९०१ पासून ‘एंजल्स फ्लाइट’ ही चिमुकली उतारावरची रेल्वे होती. १९४८ मध्ये पुनर्विकास संस्था स्थापन झाली, १९५९ मध्ये तिचा बंकर हिल प्रकल्प मंजूर झाला आणि हजारो घरे पाडली गेली. टेकडीचा माथा छाटला. १९६९ मध्ये एंजल्स फ्लाइटही उचलून ठेवली; ती परत बसली १९९६ मध्ये, मूळ जागेपासून थोडी बाजूला. रिकाम्या केलेल्या जमिनीवर काचेचे मनोरे उठायला वर्षानुवर्षे लागली आणि तोवर तिथे गाड्याच उभ्या राहिल्या. मनोरे आल्यावर ते एकमेकांना जोडणारे उंच पादचारी पूल बांधण्यात आले. तळघरात गाडी लावलेला माणूस लिफ्टने कचेरीत आणि पुलावरून जेवायला जाऊ लागला. रस्त्याशी त्याचा संबंधच उरला नाही. टेकडीखालच्या ब्रॉडवेवर याच काळात मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन कुटुंबांची गर्दी फुलत होती आणि दुकाने जोरात चालत होती, पण डाउनटाउन मेले आहे असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत हा बाजार भरत नसे.

रेल्वेचा विषय पुन्हा मतपेटीत गेला. १९६८ आणि १९७४ मध्ये विक्रीकर वाढवून रेल्वे बांधण्याचे प्रस्ताव पडले. १९८० मध्ये अर्ध्या सेंटचा कर ५४ टक्के मतांनी मंजूर झाला. जुलै १९९० मध्ये लाँग बीचची ब्लू लाइन सुरू झाली, ती बऱ्याच अंशी लाल गाड्यांच्याच जुन्या मार्गावरून. जानेवारी १९९३ मध्ये भुयारी रेड लाइनचा पहिला तुकडा आला. विलशायरखालून ती पश्चिमेला न्यायची होती, पण मार्च १९८५ मध्ये फेअरफॅक्स भागातल्या एका कपड्यांच्या दुकानात जमिनीतल्या मिथेन वायूचा स्फोट झाला. त्याचा आधार घेऊन काँग्रेस सदस्य हेन्री वॅक्समन यांनी त्या पट्ट्यात केंद्राचा पैसा वापरून बोगदा खणण्यावर बंदी आणली. ती उठायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

रेल्वेला विरोध केवळ मोटारवाल्यांकडून नव्हता. सार्वजनिक वाहतुकीने जाणारे बहुसंख्य लोक बसने जात होते: मोलकरणी, शिलाई कामगार, हॉटेलांतले मदतनीस. दाटीवाटीच्या बसमध्ये उभे राहून, भाडेवाढ सोसून, आपल्या पैशांवर उपनगरी नोकरदारांची रेल्वे बांधली जाते, असा ‘बस रायडर्स युनियन’चा आरोप. १९९४ मध्ये नागरी हक्कांच्या कायद्याखाली दावा गुदरला गेला आणि १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: भाड्यावर लगाम, गर्दी कमी करणे, नव्या बस. रेल्वे हवी म्हणजे गरिबांच्या बाजूने आणि मोटार हवी म्हणजे श्रीमंतांच्या बाजूने, ही सोपी वाटणी या खटल्याने मोडली.

पार्किंगचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला तो लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. फुकट पार्किंगची किंमत किती जबर असते, यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००५ मध्ये आला. त्यांचे आवडते उदाहरण ग्रँड ॲव्हेन्यूवरच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे. सभागृह २००३ मध्ये उघडले. त्याच्या तळाशी सहा मजली, २,१८८ गाड्यांचे गॅरेज मात्र १९९६ मध्येच तयार होते. त्यासाठी काउंटीने ११ कोटी डॉलर कर्जाऊ उभे केले. कर्ज फेडायचे म्हणून हंगामात किमान १२८ मैफली करण्याची अट भाडेकरारात घातली गेली. श्रोता गॅरेजातून सरकत्या जिन्याने थेट सभागृहात पोचतो आणि मैफल संपली की तसाच खाली उतरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिस हॉलला गॅरेज बांधलेच नाही. तिथले श्रोते रस्त्यावर येतात, कुठे खातात, पुस्तकाच्या दुकानात डोकावतात. शूप यांनी दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवल्या: अशा सभागृहाला सॅन फ्रान्सिस्को जास्तीत जास्त जितके पार्किंग देते, त्याच्या पन्नासपट लॉस एंजेलिस किमान म्हणून मागते.

त्यांचे दुसरे उदाहरण शेजारच्या पॅसाडेनाचे. तिथल्या जुन्या बाजारात रस्त्यावर गाडी लावणे फुकट होते, म्हणून दुकानांतले नोकरच सकाळी सगळ्या जागा अडवत. मीटर लावायचे म्हणताच व्यापाऱ्यांनी १९२० चीच भीती बोलून दाखवली. तोड अशी निघाली की मीटरचा पैसा शहराच्या तिजोरीत न जाता त्याच बाजाराच्या फुटपाथ, दिवे, साफसफाई आणि गल्ल्यांवर खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर बसले आणि काही वर्षांत तिथे पायी फिरणाऱ्यांची झुंबड उडाली. लॉस एंजेलिस डाउनटाउनने २०१२ मध्ये मागणीप्रमाणे मीटरचा दर कमी-जास्त करणारी योजना आणली.

डाउनटाउनचा कायापालट मात्र एका रुक्ष दुरुस्तीने झाला. १९९९ च्या वटहुकमाने जुन्या कचेऱ्यांचे घरांत रूपांतर करताना नवे पार्किंग देण्याची अट काढली. स्प्रिंग स्ट्रीटवरच्या रिकाम्या बँका आणि कचेऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, गाड्यांना जागा नसलेल्या. पार्किंगच्या नियमाखाली त्यांचे काहीच करता येत नव्हते. अट जाताच दहाएक वर्षांत तिथे सात हजारांच्या आसपास घरे झाली. मायकेल मॅनव्हिल यांच्या अभ्यासात दिसले की विकासकांनी सक्ती नसतानाही बरेच पार्किंग दिले, पण शेजारच्या गॅरेजात भाड्याने घेऊन, हवे तेवढेच.

पुढे मतदारांनी वाहतुकीसाठी दोनदा विक्रीकर वाढवून घेतला: २००८ मध्ये ‘मेजर आर’, २०१६ मध्ये ‘मेजर एम’, दोन्ही दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलात किमान पार्किंगची सक्ती करण्यास शहरांना मनाई केली. १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. जून २०२३ मध्ये डाउनटाउनखालचा ‘रीजनल कनेक्टर’ बोगदा सुरू झाला आणि लाँग बीच ते पॅसाडेना आणि सांता मोनिका ते ईस्ट लॉस एंजेलिस असा प्रवास गाडी न बदलता करता येऊ लागला.

२०२८ च्या ऑलिम्पिकच्या तयारीत सगळे मुद्दे पुन्हा एकत्र आले आहेत. महापौर कॅरन बास यांनी २०२४ मध्ये मोटारीविना खेळांची घोषणा केली. त्यासाठी देशभरातून तीन हजारांवर बस उसन्या आणण्याचा विचार बोलून दाखवला गेला. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये या शहरात एकही शहरी रेल्वे मार्ग नव्हता. तरी कंपन्यांनी कामाच्या वेळा पुढे-मागे केल्या, माल रात्री पोचवला, स्पर्धास्थळांकडे जादा बस सोडल्या आणि फ्रीवे अपेक्षेपेक्षा मोकळे राहिले. खेळ संपताच कचेऱ्या आपल्या नेहमीच्या वेळेवर आल्या आणि मालाचे ट्रक पुन्हा दिवसा धावू लागले.